न्यूयॉर्कमध्ये पाहुणे म्हणून आलात आणि भेदभाव झाला, तर काय करायचं?

न्यूयॉर्कला फिरायला किंवा मुलांकडे राहायला येणाऱ्या आपल्या बहुतेकांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की असते: आपण इथले नागरिक नाही, टुरिस्ट व्हिसावर आलोय, उगाच कशाला बोला. मग हॉटेलात, टॅक्सीत किंवा दुकानात कुणी तुसडेपणाने वेगळं वागवलं तरी गप्प बसायचं आणि रात्री भारतात फोन लावून मनातलं बोलायचं. न्यूयॉर्क शहराचा मानवी हक्क कायदा मात्र तुम्ही नागरिक आहात का, व्हिसा कुठला, मुक्काम किती दिवसांचा, हे विचारत नाही. परदेशी असणं किंवा इमिग्रेशन स्टेटस यावरून कुणाला कमी लेखणं हाच या कायद्याने बेकायदा ठरवलेला भेदभाव आहे. म्हणजे ज्या गोष्टीमुळे आपण गप्प बसतो, तिलाच इथे संरक्षण आहे.

सगळ्याच अपमानांवर कायदा धावून येत नाही, हेही खरं. म्हणून आधी काय बसतं आणि काय बसत नाही ते पाहू, मग प्रत्यक्ष काय करायचं ते.

पायरी १: जागा आणि कारण, दोन्ही कायद्यात बसतात का

जागा म्हणजे लोकांसाठी उघडी असलेली कुठलीही सेवा. हॉटेल, रेस्टॉरंट, दुकान, टॅक्सी, थिएटर, दवाखाना, म्युझियम, जिम, सलून. यातली कल्पना मराठी माणसाला वेगळी समजावून सांगायला नको. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये याच शहरात, कोलंबिया विद्यापीठात शिकायला आले होते. भारतात परतल्यावर ते नोकरीसाठी बडोद्याला गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले, आणि ते कोण आहेत हे कळल्यावर काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना तिथून निघायला लावलं. दार सगळ्यांसाठी उघडं ठेवायचं आणि काही जणांसाठी लावून घ्यायचं, नेमकं हेच हा कायदा रोखतो. खरोखर खाजगी असलेले, फक्त सभासदांचे क्लब यातून सुटतात.

कारणांची यादी लांबलचक आहे: वंश, रंग, धर्म, राष्ट्रीय मूळ, इमिग्रेशन स्टेटस, वय, अपंगत्व, लिंग आणि लिंगओळख, लैंगिक कल, गरोदरपण, वैवाहिक स्थिती वगैरे. २२ नोव्हेंबर २०२३ पासून उंची आणि वजन हीसुद्धा कारणं त्यात आली. तुम्ही प्रत्यक्षात त्या गटातले नसलात आणि समोरच्याने तसं गृहीत धरून वागवलं, तरी तो भेदभावच. पगडी पाहून किंवा दाढी पाहून भलत्याच देशाचा किंवा धर्माचा समजून हाकललं, तर ‘मी तो नाहीच’ हे सिद्ध करत बसायची गरज नाही.

शहराच्या वर राज्याचा कायदा आहे. न्यूयॉर्क हे असा कायदा करणारं अमेरिकेतलं पहिलं राज्य, १९४५ सालचं. त्याच्या वर केंद्राचे कायदे: १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि अपंगांसाठीचा १९९० चा. पाहुण्यांच्या दृष्टीने तिन्हींमध्ये शहराचा कायदा सगळ्यात कामाचा, कारण त्याची व्याप्ती मोठी आणि कसोटी तुमच्या बाजूने झुकणारी आहे.

पायरी २: भेदभाव की नुसती वाईट सेवा?

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, म्हणून जरा थांबू या.

शहराच्या कायद्याची कसोटी साधी आहे: तुम्हाला इतरांपेक्षा कमी चांगलं वागवलं का, आणि त्यामागे काही अंशी तरी वरच्या यादीतलं कारण होतं का? ‘काही अंशी तरी’ हे महत्त्वाचं. बाकीची दहा कारणं असली तरी एक जरी यादीतलं निघालं तरी पुरतं. मात्र अगदीच किरकोळ चिडचिडीच्या प्रसंगांवर न्यायालय वेळ घालवत नाही.

म्हणजे सगळा भार तुलनेवर आहे. वेटर अर्धा तास फिरकला नाही, ही वाईट सेवा. तुमच्यानंतर आलेल्या तीन टेबलांची ऑर्डर घेतली, तुम्ही दोनदा हात केला, आणि वेटर जाताना पुटपुटला ‘यू पीपल नेव्हर टिप’, तर गोष्ट बदलली. या ‘यू पीपल’चं मोल तक्रारीत फार असतं. ऐकलं की लगेच लिहून ठेवा.

बारमध्ये साठीच्या आजोबांकडे वयाचा पुरावा मागितला, तर तो भेदभाव नाही. दारूसाठी वयाची अट २१ आहे आणि पुष्कळ बार सरसकट सगळ्यांकडेच मागतात. हॉटेलने पासपोर्ट पाहिला, क्रेडिट कार्डवर डिपॉझिट अडकवलं, तेही नेहमीचंच. पण रांगेतल्या पुढच्याला एका रात्रीचं डिपॉझिट आणि तुम्हाला तीन रात्रींचं, तर का, हे विचाराच.

हॉटेलच्या खोलीत स्वयंपाकाला मनाई असताना इंडक्शन काढून फोडणी दिली आणि सफाईचा दंड बसला, तर तो सोसावा. स्मोक अलार्म जात-धर्म बघून वाजत नाही. खोलीत काहीच शिजवलेलं नसताना ‘इंडियन गेस्ट, करी स्मेल’ म्हणून दंड लावला, तर ती तक्रार.

भाषेवरूनही असंच. शहराच्या मानवी हक्क आयोगाने २०१९ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत दुकानाचं उदाहरण दिलंय: दोन मैत्रिणी थाई भाषेत बोलताहेत आणि मालक म्हणतो, ‘इंग्लिश बोला, नाहीतर आपल्या देशात परत जा’. हे बेकायदा. थाईच्या जागी मराठी घाला, उत्तर तेच. एखाद्याला घाबरवण्यासाठी ‘इमिग्रेशनवाल्यांना बोलावतो’ अशी धमकी देणंही त्याच सूचनांनुसार बेकायदा आहे.

काही बारीक गोष्टी, ज्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतात. बाळाला अंगावर पाजायला आईला जिथे असण्याचा हक्क आहे तिथे कुठेही मुभा आहे, ‘झाकून घ्या’ किंवा ‘टॉयलेटमध्ये जा’ असं कुणी सांगू शकत नाही. एकाच व्यक्तीपुरतं असलेलं सार्वजनिक टॉयलेट स्त्री-पुरुष असं वेगळं राखता येत नाही, आणि इतरत्र आपल्या लिंगओळखीप्रमाणे जाता येतं. अंध व्यक्तीच्या कुत्र्याचं सर्टिफिकेट मागता येत नाही. आणि दुकानांना, रेस्टॉरंटना रोख पैसे नाकारता येत नाहीत. हा नियम नोव्हेंबर २०२० पासून आहे. २० डॉलरपेक्षा मोठी नोट मात्र ते नाकारू शकतात, म्हणून भारतातून निघताना १०० च्या नोटांचं बंडल घेऊन येऊ नका.

पायरी ३: जागेवर काय करायचं

वाद घालू नका. आवाज चढला की पुढच्या सगळ्या कागदांवर तुम्हीच ‘आरडाओरडा करणारे गिऱ्हाईक’ होता. त्यापेक्षा समोरच्याला कारण तोंडाने सांगायला लावा. ही तीन वाक्यं पाठ करून ठेवा, उच्चार कसाही असू दे:

‘व्हाय आर यू रिफ्यूझिंग मी?’
‘इज धिस द पॉलिसी फॉर एव्हरीवन?’
‘कॅन आय स्पीक टु द मॅनेजर, प्लीज?’

दुसरा प्रश्न सगळ्यात धारदार. ‘हो, सगळ्यांसाठी’ असं उत्तर आलं आणि शेजारच्या टेबलाला तो नियम लागलेला दिसत नाही, तर तुलना तुमच्या हातात आयतीच आली.

न्यूयॉर्क राज्यात संभाषणात भाग घेणाऱ्या एकाची संमती असली की रेकॉर्डिंग चालतं, म्हणजे तुम्ही स्वतः बोलत असाल तर फोनवर टिपू शकता. दुकानमालक ‘बंद करा आणि बाहेर जा’ म्हणू शकतो. म्हटलं तर निघा, अडून बसू नका.

बाहेर पडल्यावर लगेच, कॉफी प्यायला बसायच्याही आधी, हे लिहा: तारीख, वेळ, पत्ता, कोण बोललं, बॅजवर नाव काय होतं, नेमके शब्द कुठले, आजूबाजूला कोण होतं आणि त्यांना काय वागणूक मिळाली. शब्द इंग्रजीतले असतील तर तसेच लिहा. पावतीचा फोटो काढा. काहीच विकत घेऊ दिलं नसेल तर दुकानाच्या पाटीचा फोटो. कुणी साक्षीदार पुढे आला तर त्याचा ईमेल घ्या. दुकानांतलं कॅमेऱ्याचं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून त्याच दिवशी दुकानाला एक ओळीचा ईमेल टाका: अमुक वेळेचं फुटेज जपून ठेवा. ईमेल पाठवल्याचा पुरावा पुढे उपयोगी पडतो, त्यांनी फुटेज दिलं न दिलं तरी.

टॅक्सीचं प्रकरण वेगळं

पाहुण्यांना सगळ्यात जास्त अनुभव येतो तो इथे. मॅनहॅटनमध्ये पिवळी टॅक्सी थांबते, काच खाली येते, ‘व्हेअर टु?’ तुम्ही क्वीन्समधलं जॅक्सन हाइट्स म्हणता, काच वर जाते आणि टॅक्सी निघून जाते.

नियम असा: गिऱ्हाईक आत बसेपर्यंत ड्रायव्हरने कुठे जायचं हे विचारायचंच नाही. शहराच्या पाचही बरोंमध्ये (विभागांमध्ये) कुठेही न्यायला तो बांधील आहे, शिवाय वेस्टचेस्टर आणि नॅसो या काउंटी आणि नुवार्क विमानतळ. छतावरचा नंबर पेटलेला असेल तर टॅक्सी मोकळी आहे, विझलेला असेल तर नाही. विझलेला असताना थांबली नाही म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही.

म्हणून काचेतून पत्ता सांगू नका. दार उघडा, बसा, पट्टा लावा, मग सांगा. उतरायला सांगितलं तर उतरताना मेडलियन नंबर (टॅक्सीचा परवाना क्रमांक) टिपा: एक आकडा, एक इंग्रजी अक्षर, मग दोन आकडे. तो छतावर, दारांवर आणि नंबरप्लेटवर असतो. ॲपवरून मागवलेल्या गाडीची नंबरप्लेट टी अक्षराने सुरू होऊन सी अक्षराने संपते. या गाड्याही शहराच्या टॅक्सी अँड लिमोझिन कमिशनच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे फक्त ॲपला एक तारा देऊन गप्प बसू नका.

तक्रार ३११ वर (ही शहराची हेल्पलाइन) किंवा ऑनलाइन करायची. रंग किंवा पोशाख बघून टॅक्सी थांबलीच नाही आणि पुढच्या चौकात दुसऱ्या कुणासाठी थांबली, तर तेही सांगा. तो मानवी हक्क आयोगाचाही विषय होतो. व्हीलचेअर आहे म्हणून जास्त पैसे मागणं चालत नाही.

पायरी ४: तक्रार कुठे आणि कधीपर्यंत

तीन दारं आहेत आणि साधारणपणे त्यांतलं एकच निवडावं लागतं, म्हणून घाईत दोन-तीन ठिकाणी अर्ज टाकू नका.

पहिलं दार शहराचा मानवी हक्क आयोग. फोन २१२-४१६-०१९७, किंवा ३११ वर फोन करून ‘ह्युमन राइट्स’ म्हणा, किंवा आयोगाच्या वेबसाइटवरचा फॉर्म भरा. मुदत घटनेपासून एक वर्ष. लिंगाधारित छळ असेल तर तीन वर्षं. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, इमिग्रेशन स्टेटस सांगावं लागत नाही. इंग्रजीची भीती असेल तर दुभाषा मागा. शहराच्या ठरलेल्या दहा भाषांमध्ये उर्दू आणि बंगाली आहेत, हिंदी-मराठी नाहीत, पण फोनवर दुभाषा जोडून देण्याची सोय या दहांपुरती मर्यादित नाही. सुरुवातीलाच ‘मराठी इंटरप्रिटर, प्लीज’ म्हणायचं. मराठी नाही मिळाला तर हिंदी.

दुसरं दार राज्याचं डिव्हिजन ऑफ ह्युमन राइट्स. १५ फेब्रुवारी २०२४ पासून घडलेल्या घटनांसाठी मुदत तीन वर्षं. शहराचं एक वर्ष उलटून गेलं असेल तर हे आठवा.

तिसरं दार न्यायालय, शहराच्या कायद्याखाली तीन वर्षं. त्यासाठी वकील हवा, आणि पर्यटकासाठी ते क्वचितच परवडतं.

माझं मत विचाराल तर बहुतेक पाहुण्यांनी पहिल्याच दारात जावं. एक कारण असं की रीतसर तक्रार नोंदवण्याआधीच आयोग कधीकधी मध्ये पडून संबंधित दुकानाशी किंवा हॉटेलशी बोलतो. अजून इथेच असताना व्हीलचेअरवरच्या आईला वापरता येईल अशी खोली मिळवायची असेल, तर वर्षभराच्या खटल्यापेक्षा हा फोन कामाचा.

पायरी ५: तक्रार दिल्यावर

आयोगाचे लोक आधी तुमची मुलाखत घेतात. तक्रार नोंदली गेली की ती समोरच्याला पाठवली जाते, तो उत्तर देतो, चौकशी होते. दोघांची तयारी असेल तर मध्यस्थी. नाहीतर प्रकरण शहराच्या प्रशासकीय न्यायाधीशांपुढे जातं आणि शेवटचा आदेश आयोग काढतो. यात महिने जातात, कधी वर्षंही. लवकर निकालाची आशा धरून बसू नका.

मिळतं काय? नुकसानभरपाई, आणि समोरच्याला दंड, जो १,२५,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. जाणूनबुजून, आकसाने केलं असेल तर २,५०,००० पर्यंत. हा दंड तुमच्या खिशात येत नाही, शहराकडे जातो. बऱ्याच तडजोडींमध्ये कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण आणि नियमांत बदल असतो. पैशांसाठीच तक्रार करणार असाल तर हिशेब आधीच मांडा.

तक्रार केली म्हणून हॉटेलने बुकिंग रद्द केलं, तर सूडबुद्धीने केलेलं तेही वेगळं बेकायदा कृत्य, वेगळी तक्रार.

व्हिसाची मुदत संपलेली असेल किंवा इमिग्रेशनचं काही प्रकरण चालू असेल, तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. आयोग विचारत नाही, पण व्हिसा हा केंद्र सरकारचा कारभार आहे आणि तो आयोगाच्या हातात नाही.

शहराचा हात जिथे पोचत नाही

विमानतळावरचे सुरक्षा तपासणीचे आणि इमिग्रेशनचे अधिकारी केंद्राचे. त्यांच्यावर शहराचा कायदा चालत नाही. पगडी, पदर, बुरखा यांची तपासणी करायची असेल तर आडोशाच्या खोलीत करा असं म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. प्रत्येक प्रवासात नावावरून बाजूला काढत असतील, तर होमलँड सिक्युरिटी खात्याची ‘ट्रिप’ नावाची योजना आहे, तिथे ऑनलाइन अर्ज करून ओळख क्रमांक घेता येतो. विमान कंपनीने वेगळं वागवलं तर तक्रार केंद्राच्या वाहतूक खात्याकडे. व्हीलचेअरवरून खटका उडाला तर काउंटरवर ‘सीआरओ’ मागा. अपंगांच्या तक्रारी सोडवणारा हा अधिकारी उपलब्ध ठेवणं कंपन्यांना बंधनकारक आहे. आणि नुवार्क विमानतळ न्यूजर्सीत आहे, तिथल्या दुकानाची तक्रार न्यूयॉर्कच्या आयोगाकडे नेऊ नका.

सबवेच्या ४७२ स्थानकांपैकी निम्म्यांनाही लिफ्ट नाही. यावर मोठे खटले झाले आणि २०२२ मध्ये २०५५ पर्यंतचा आराखडा ठरला. आईबाबांसाठी त्याचा उपयोग शून्य. गुडघ्यांचा त्रास असेल तर निघण्याआधी नकाशावर व्हीलचेअरचं चिन्ह असलेली स्थानकं पाहून ठेवा. अपंग पाहुण्यांना ॲक्सेस-अ-राइड ही गाडीसेवा वर्षातून २१ दिवस मिळू शकते, पण अर्ज आधी करायला लागतो.

शहराचे पोलीस वाईट वागले, वंशावरून किंवा धर्मावरून बोलले, तर तक्रार सिव्हिलियन कम्प्लेंट रिव्ह्यू बोर्डाकडे. ही पोलिसांपासून स्वतंत्र संस्था आहे आणि पर्यटकालाही तिथे जाता येतं. अटक झालीच तर भारतीय वकिलातीला कळवा, असं सांगायचा हक्क आहे. वकिलात मॅनहॅटनमध्ये ईस्ट ६४ व्या रस्त्यावर आहे.

रस्त्यात किंवा सबवेत अनोळखी माणसाने नुसती शिवी हासडली, तर बहुतेक वेळा कायदा काही करू शकत नाही, अमेरिकेत बोलण्याचं स्वातंत्र्य फार रुंद आहे. हात उगारला, धमकी दिली, पाठलाग केला, पगडीला किंवा हिजाबला हात घातला, तर ९११, म्हणजे पोलिसांचा आपत्कालीन नंबर. तिथे वाट पाहू नका, उतरून गर्दीत या आणि मग फोन करा. द्वेषातून केलेल्या गुन्ह्याला राज्यात जास्त शिक्षा आहे, म्हणून जबाबात त्याने उच्चारलेले शब्द सांगायला विसरू नका.

आणि जात?

हा प्रश्न आपल्याकडच्यांनाच पडतो आणि तो पडायलाच हवा, कारण इथल्या आपल्या लोकांच्या पेइंग गेस्टच्या खोल्यांत आणि मंडळांच्या कार्यक्रमांतही आडनाव विचारलं जातं. न्यूयॉर्क शहराच्या कायद्यात ‘जात’ हे कारण नाव घेऊन दिलेलं नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटलने ते घातलं, असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने त्याच वर्षी तसं विधेयक मंजूर केलं, पण राज्यपालांनी ऑक्टोबरमध्ये ते नाकारलं. न्यूयॉर्कमध्ये असा प्रसंग आला तर तो वंश, धर्म किंवा राष्ट्रीय मूळ यांच्याशी जोडून मांडावा लागेल, आणि ते सोपं नाही. तरीही आयोगाला फोन करून सांगा. नोंदच झाली नाही, तर कायदा बदलायची वेळ येईल तेव्हा दाखवायला काही नसतं.

भारतात परतल्यावर लक्षात आलं तर

मुदत संपलेली नसेल तर तक्रार भारतातूनही करता येते. शहराबाहेरून ३११ लागत नाही. त्याऐवजी अमेरिकेचा कोड लावून २१२-६३९-९६७५. फॉर्म ऑनलाइन, पुरावे ईमेलने, मुलाखत फोनवर. न्यूयॉर्क उन्हाळ्यात भारताच्या साडेनऊ तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेदहा, म्हणजे तिथलं ऑफिस उघडतं तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ झालेली असते. ज्या पत्त्यावर आणि ईमेलवर वर्षभर तुम्ही सापडाल तोच द्या, मुलाच्या घराचा नको. तो नोकरी बदलून टेक्सासला गेला तर आयोगाची पत्रं जुन्या दारात पडून राहतात.